मचूळ विहिरीवरचा खलाशी

"पाणी कोणी बंद केलं?"

पंपाचा खटका खाली ओढला, तोच पंपघराच्या मागून आवाज आला. मी बाह्या सरसावूनच आले होते.

"मी!" मी ओरडले. "आणि परत चालूही होणार नाही!"

"अहो, पण मला—"

पंपघराला वळसा घालून मी मागे गेले आणि... थबकले. हौदाच्या कट्ट्यावर एक उंच माणूस उभा होता. अर्धी चड्डी, हातात साबण, केस कपाळाला चिकटलेले आणि दोन्ही डोळे घट्ट मिटलेले.

"कोण आहात माहीत नाही," तो डोळे न उघडताच म्हणाला, "पण साबण डोळ्यांत गेलाय. आधी पाणी, मग भांडण. चालेल?"

मला हसू आलं. मी ते गिळलं. कट्ट्याखाली भरलेली बादली होती, ती उचलून मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"साबणाला फेस होतोय का?"

"काय?"

"फेस. होतोय का?"

"नाही ना! आल्यापासून घासतोय, नुसता चिकटा बसतो अंगाला. पण ही काय वेळ आहे का—"

"का होत नाही, माहितीये?"

"साबण स्वस्तातला आहे!"

"पाणी खारट झालंय," मी म्हणाले आणि बादली त्याच्या डोक्यावर रिकामी केली.

त्याने डोळे उघडले. लालभडक, पाणावलेले, आणि तरीही... छान. एवढं मला मान्य करावंच लागेल. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आता सांगा. माझ्या पंपाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"दाखवते. चला."

आमची ऑलिव्हची बाग आणि ही बाग एकमेकींना लागून. मधे कमरेएवढा दगडी बांध, आणि टेकाडापलीकडे समुद्र. आमच्याकडे मी आणि आत्या. आत्या तेलाचा घाणा चालवते, मी कलमं बांधते आणि रोपं वाढवते. शेजारची बाग एका तिरसट म्हाताऱ्या काकांची. ते शिडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं आणि मुलीकडे शहरात जाऊन राहिले. तेव्हापासून बागेला कुलूप. आणि आता, थंडी सरता सरता, पंप सकाळपासून अंधार पडेपर्यंत एकसारखा घरघरायला लागला होता.

हा काकांचा पुतण्या. जहाजाच्या इंजिनघरात काम करणारा. दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत आला होता.

"काकांना शब्द दिलाय," तो बांध ओलांडता ओलांडता म्हणाला. "ते घरी येतील तेव्हा बाग हिरवीगार असेल. म्हणून दिवसभर पाणी सोडतो."

"म्हणूनच मरायला लागलीय ती."

मी त्याला आमच्या कोवळ्या झाडांच्या रांगेत उभं केलं. एक फांदी खाली ओढली. पानांची टोकं करपली होती, विस्तवाला नुसती लावून काढल्यासारखी.

"ऑलिव्ह तसं सोशिक झाड," मी म्हणाले. "थोडंफार मीठ ते मुकाट्याने सोसतं. मुळंच मिठाला दारात अडवतात. त्यातूनही आत शिरलं, तर झाड ते जुन्या पानांत साठवतं आणि ती पानं गाळून टाकतं. कोवळी पालवी वाचवायची म्हणून. पण मुळांनी तरी किती अडवायचं? शेवटी पायाशी पाणी असतं आणि झाड तहानलेलं राहतं. खारं पाणी त्याला ओढताच येत नाही."

तो वाकून पान बघत होता. चेष्टेचा सूर गेला होता. "पण विहीर तर गोड्या पाण्याची आहे. काकाच सांगायचे."

"होती. जमिनीखाली गोडं पाणी वर असतं आणि समुद्राचं खाली, जड. वरचं हळूहळू काढलं तर खालचं गप्प बसतं. दिवसभर उपसलं की तेच वर येतं. तुमच्या विहिरीत आलं आणि मागोमाग आमच्याही. आता दोन्ही मचूळ झाल्यात."

त्याने सरळ होऊन टेकाडाकडे पाहिलं.

"अर्धं आयुष्य समुद्रावर काढलं," तो म्हणाला, "आणि तो माझ्या मागे मागे विहिरीत येईल असं वाटलं नव्हतं. चुकलं माझं. आता काय करायचं ते सांगा."

इतक्या पटकन चूक मान्य करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. सरसावलेल्या बाह्यांचं काय करावं तेच मला कळेना. हळूच खाली केल्या.

"तुम्ही नेमकं काय करता?" त्याने विचारलं.

"डोळे भरते."

"लोकांचे?" त्याने आपल्या लाल डोळ्यांकडे बोट दाखवलं. "ते पाहिलं आत्ताच."

"झाडांचे! एका झाडाचा डोळा काढायचा, दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवायचा. कलमं करायची एक पद्धत आहे ती."

"अस्सं..." तो म्हणाला. मान वळवली, पण हसताना दिसलाच.

ही हकिगत ऐकून आत्याला घाण्यावर बसल्या बसल्या ठसका लागला. "एवढा मोठा खलाशी," ती म्हणाली, "आणि बुडाला कुठे, तर बादलीत!"

तेव्हापासून तो आमच्याकडे खलाशीच झाला.

आमचा करार झाला. दोन्ही पंप आळीपाळीने, थोडा थोडाच वेळ चालवायचे. काकांच्या छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची जुनी टाकी होती, तडे गेलेली. ती त्याने खरवडून बुजवली, पन्हळी नव्या बसवल्या. मातीतलं मीठ सुटावं म्हणून मी आळ्यांमध्ये जिप्सम कालवलं आणि झाडांच्या ओळींमधून चर खणले. गोडं पाणी आलं की मीठ मुळांखाली धुऊन जायला हवं, तिथेच साचून राहिलं तर काय उपयोग? तो खणायला यायचा. दुपारपर्यंत त्याच्या हाताला फोड यायचे आणि तो ते खिशात लपवायचा.

रोज संध्याकाळी आम्ही विहिरीचं पाणी तपासायचो. त्याच्याकडे जहाजावरचं एक छोटं मीटर होतं. माझ्याकडे जीभ.

"कालच्यापेक्षा कमी," मी चूळ थुंकून सांगायचे.

तो मीटर पाण्यात बुडवायचा, आकडा बघायचा आणि भुवया उंचावायचा. "बरोबर. पण एक कळत नाही. तुमची जीभ इतकी तिखट... तिला खारट लागतं कसं?"

"गोड बोलणाऱ्यांपासून लांब ठेवलीय ना, म्हणून."

"मग मी जरा कमी गोड बोलू?"

"नको," मी म्हणाले आणि मग माझी मलाच... म्हणजे, इतक्या पटकन म्हणायला नको होतं.

तो मीटर पुसत राहिला. बराच वेळ. त्या एवढ्याशा मीटरवर तेवढं पुसण्यासारखं काही नव्हतं.

थंडीभर कोरडं गेलेलं आभाळ एका दुपारी अचानक भरून आलं. आम्ही दोघं चरात होतो. पहिले थेंब टपोरे पडले, आणि मग सरसर, एकदम! आम्ही घाण्याच्या पडवीत धावलो. टाकीत पाणी पडल्याचा आवाज बांधापलीकडून ऐकू येत होता, पोकळ, आणि हळूहळू भरदार. आळी तुडुंब झाली, चर वाहू लागले.

"जातंय का मीठ?" त्याने विचारलं.

"जातंय."

"तुला कसं कळतं सगळं?"

तुला. त्याच्याही लक्षात आलं. पावसाचं पाणी त्याच्या कानामागून मानेवर उतरत होतं. "म्हणजे... तुम्हाला," तो म्हणाला.

"तुला चालेल," मी म्हणाले. "मलाही मग तू म्हणता येईल. अहो-जाहो करून भांडताना दम लागतो."

आतून आत्याचा आवाज आला. "भिजून झालं असेल तर आत या, नाहीतर दोघांनाही पिळून वाळत घालेन!"

पाऊस उघडल्यावर खरा प्रश्न समोर आला. काकांच्या बागेत दोन जातींची झाडं होती. बांधापासून टेकाडापर्यंतची जुनी, गावठी. फळ बारीक, पण मुळं जबरदस्त. कुलूप असताना कुणी पाणी घातलं नाही, वर खारं पाणी पाजलं, तरी त्यांची पानं तुकतुकीत. आणि काकांनी हौसेने लावलेली परकी जात, मोठ्या फळांची. तिची मुळं मिठाला दार सताड उघडं टाकणारी. ती झाडं निम्मी वाळली होती.

"परक्या जातीचे डोळे गावठी खुंटांवर भरू," मी म्हणाले. "मुळं यांची, फळ त्यांचं. मीठ खालीच अडेल. पण त्यासाठी गावठी झाडांची एक ओळ वरून कापावी लागेल. काकांना विचार."

त्याने फोन केला. मी शेजारीच होते. तो म्हणाला, "काका, थोडी छाटणी करतोय."

"थोडी?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"सगळं एकदम सांगितलं तर ते मोडक्या पायाने चालत येतील."

वसंतात झाडांत रस चढला आणि साल खोडापासून सुटायला लागली. मी त्याला डोळा भरायला शिकवलं. सालीला उभी-आडवी चीर द्यायची, पात्याच्या टोकाने कडा अलगद उचलायच्या, डोळा आत सरकवायचा, पट्टी गुंडाळायची. इंजिनाचे बोल्ट पिळणारी त्याची बोटं त्या नाजूक सालीत आधी चुकत राहिली. मी त्याचा हात धरून पट्टीचे वेढे दिले. एक, दोन... तिसरा वेढा देऊन झाला तरी मी हात सोडला नव्हता.

"इतकं घट्ट?" त्याने हळूच विचारलं.

"हवा लागता कामा नये."

"झाडाला की मला?"

"तुला. म्हणजे जरा गप्प बसशील."

तो गप्प बसला. आणि माझ्याकडे नुसताच बघत राहिला. ते बोलण्यापेक्षा कठीण निघालं.

ओळ संपली त्याच आठवड्यात काका आले, कुबडी घेऊन, न कळवता. फाटकातून आत आले आणि बोडकी झाडं बघून जागीच खिळले. मग त्यांचा आवाज सगळ्या बागेत घुमला.

"मुंडकी उडवलीत! जी जगली होती तीच कापलीत! ही थोडी छाटणी?"

"काका, ऐका तर—"

"तू बोलू नकोस! पंप का बंद आहे? माती बघ कशी कोरडी पडलीय! पंपघराची किल्ली आण इकडे."

खलाशी हलला नाही. "किल्ली देणार नाही, काका."

"माझ्या बागेची किल्ली?"

"बाग तुमचीच आहे. म्हणूनच देत नाही. पंप लावून ती मीच मारत होतो. मला कळत नव्हतं. हिने थांबवलं."

काकांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती. "आणि तू? कुणाच्या बागेत सुरी चालवतेस?"

माझ्या हाताने भरलेल्या डोळ्यांवर माझा विश्वास होता. तो मी त्या वेळी पुढे केला.

"तुमच्या बागेत, काका. तुमच्या परक्या जातीची निम्मी झाडं वाळलीत. उरलेली पुढच्या उन्हाळ्यात जातील, पंप लावा नाहीतर लावू नका. तिचे डोळे मी तुमच्याच जुन्या झाडांवर चढवलेत. ते फुटेपर्यंत थांबा. नाही फुटले, तर मी स्वतः येऊन पंप चालू करीन आणि माझ्या वाफ्यातली हवी तेवढी रोपं तुमच्या बागेत लावून देईन. तोपर्यंत किल्ली त्याच्याकडेच राहू द्या."

"आणि फुटले तर?"

"तर तुम्ही मला कलमवालीबाई म्हणायचं. आदराने."

काकांनी बोडक्या ओळीवर एकदा नजर फिरवली. मग गुरगुरले, "हिची आत्याही तरुणपणी अशीच होती," आणि कुबडी आपटत घरात गेले. पंप बंदच राहिला.

दुसऱ्या दिवशी खलाशाला जहाजावरून बोलावणं आलं.

त्याने मला ते कलमांच्या ओळीत सांगितलं. बोलताना एका झाडाची पट्टी उगाच चाचपत होता. "परवा निघायचं. फेरी लांबची आहे, तोडणीपर्यंत तरी परत येत नाही." मग थांबला. "नाहीतर... नकार कळवतो. सांग तू. तू सांगितलंस तर राहतो."

मला "राहा" म्हणायचं होतं. ओठावर आलं होतं. पण त्याचा चेहरा मी वाचत होते. जहाजाचं नाव घेताना त्यात जी चमक आली, तीही दिसली होती.

"जा," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. "असं? एवढं सोपं आहे?"

"सोपं नाहीये. पण मी म्हटलं म्हणून राहिलास, तर उद्या एखादं जहाज दिसलं की उसासे टाकशील, आणि मला उसासे टाकणारा माणूस नकोय. मला तू हवायस. तुझं काम, तुझा समुद्र, सगळं धरून."

त्याचा पट्टीवरचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"ऐकलंस की."

"परत म्हण ना. इंजिनघरात राहून कान कमी झालेत माझे."

"मला तू आवडतोस!" मी मोठ्याने म्हणाले. इतक्या मोठ्याने की बांधापलीकडे आत्याने भांडं आपटल्याचा आवाज आला. "बादली ओतली तेव्हाच थोडा आवडला होतास. मग चर खणताना हाताचे फोड लपवत होतास, तेव्हा जास्त. आणि काल किल्ली दिली नाहीस तेव्हा... पुरता. आता तुझं काय ते सांग. लांबवू नकोस, मला अजून वाफे भिजवायचेत."

तो हसला नाही. पुढे आला, माझ्या हातातली सुरी काढून घेतली, मिटून माझ्याच खिशात ठेवली.

"मी डोळे मिटून उभा होतो," तो म्हणाला, "आणि एक आवाज मला विचारत होता, फेस होतोय का? तेव्हाच वाटलं, हे डोळे उघडल्यावर समोर जी कोणी असेल... तिच्याशी आयुष्यभर भांडायला आवडेल."

आणि मग आम्ही बराच वेळ भांडलो नाही.

तो गेला. उसासे मी टाकले, दोन-चार, कुणी बघत नसताना. फोन बंदरात जहाज लागलं की यायचा, तुटक, मधेच वाऱ्याचा आवाज. काका रोज सकाळी कुबडी टेकत ओळीतून फिरायचे आणि कलमांकडे असं बघायचे, की जणू ती त्यांच्या विरोधात कट करतायत. पाणी मी मोजूनमापून द्यायचे. टाकीतलं गोडं जास्त, विहिरीतलं कमी. ते बघायचे, बोलायचे नाहीत. काही दिवसांनी न सांगताच बादल्या भरून ठेवायला लागले.

एका सकाळी त्यांची हाक आली. "ए! ए कलमवाली! इकडे ये लवकर!"

मी बांधावरून उडी मारून धावले. काका कुबडी टाकून झाडाला धरून उभे होते. पट्टीच्या फटीतून एक हिरवट-रुपेरी कोंब बाहेर आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. पुढच्या झाडावर दोन. त्याच्या पुढच्यावर... मी पळत पळत सगळी ओळ बघून आले. दोन-तीन सोडली तर सगळी धरली होती.

काकांनी घाईघाईने फोन काढला आणि माझ्याआधी त्यांनीच पुतण्याला लावला. "अरे, डोळे उघडले!" ते ओरडले. "माझे नव्हे रे, झाडांचे! ...बरं, माझेही. आणि हे बघ, परत येशील तेव्हा सरळ हिच्याकडे जा. मी काही पळून जात नाही."

मग फोन खाली करून, घसा खाकरून, ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कलमवालीबाई. चहा घेणार का?"

तोडणी सुरू झाली तेव्हा हवा पुन्हा थंड झाली होती. नवी कलमं माझ्या खांद्याला लागली होती, कोवळी पानं टोकापर्यंत हिरवी. त्यांना फळ धरायला अजून वेळ होता. पण आमची जुनी झाडं लगडली होती. खाली जाळ्या अंथरलेल्या, घाणा दिवसभर चालू, आणि माझे हात कोपरापर्यंत जांभळे. मी शिडीवर होते.

"तेल कसं आहे यंदाचं?" खालून कोणीतरी विचारलं.

मी वळले नाही. वळले असते तर पडले असते. "कडक," मी फांदीला सांगितलं. "झाडाने मीठ सोसलं की तेल जरा कडू उतरतं. घशाला झोंबतं. आत्या म्हणते, असलंच तेल खरं टिकतं."

"चाखायला मिळेल?"

मग मात्र मी वळले. खांद्यावर पिशवी, उन्हाने रापलेला चेहरा, दाढी वाढलेली. मी शिडीच्या दोन पायऱ्या गाळल्या. पुढचं मी सांगत नाही. काका आणि आत्या दोघंही घाण्याच्या दारात उभी होती, आणि दोघांनीही एकदमच काहीतरी महत्त्वाचं आठवल्यासारखी पाठ फिरवली.

"पुढची फेरी जवळची घेतलीय," तो म्हणाला, माझा जांभळा हात आपल्या गालावर धरून. "त्याच्यापुढच्याही तशाच मागितल्यात. दोन महिने समुद्र, दोन महिने तू. तुला चालत असेल तर. आणि चालत असेल तर... लग्न?"

"चालेल."

"अगं, जरा विचार तरी कर!"

"करून झालाय. तू नव्हतास तेव्हा."

"मग कधी?"

"घाणा बंद झाला की. तोडणी संपेपर्यंत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते."

त्याने मान वर केली. ओळीमागून ओळी, टेकाडापर्यंत, फळांनी वाकलेली अख्खी बाग उभी होती. त्याने पिशवी जमिनीवर टाकली, बाह्या सरसावल्या आणि शिडीवर चढला.

"मग बघत काय उभी राहिलीस?" तो वरून म्हणाला. "टोपली धर!"